दस्तुरी नाक्याच्या पुढे

मुंबई-पुण्याच्या माणसाला शनिवार-रविवारी जायला चार-पाच ठरलेली ठिकाणं असतात आणि तिथे तो गाडीनंच जातो. लोणावळ्याला तो गाडीतून उतरतो तो भजी खायला. महाबळेश्वरला दिवसभर गाडीत बसून एकामागून एक पॉइंट ‘करतो’. माथेरानला हे जमत नाही. नेरळहून घाट चढून वर आलं की दस्तुरी नाक्यावर वाहनतळ लागतो. गाडी तिथेच ठेवायची, प्रवेशकराची पावती फाडायची आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर लाल मातीतून चालत जायचं. पुढे गाव आहे, बाजार आहे, शाळा आहे, शेकड्यांनी खोल्या असलेली हॉटेलं आहेत. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर खासगी मोटार मात्र नाही. तसा नियम इंग्रजांच्या काळापासून चालत आला आहे आणि केंद्राच्या पर्यावरण खात्यानं फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवल्यापासून त्याला अधिक बळ आलं.

‘वाहनमुक्त गिरिस्थान’ असं याचं कौतुक पर्यटनाच्या प्रत्येक माहितीपत्रकात असतं. ते खोटं नाही. पण सामान वर जातंच. गॅसच्या टाक्या जातात, दुधाचे कॅन जातात, गाद्या, सिमेंट, कांदे-बटाट्याची पोती, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, आणि ज्यांना चालवत नाही किंवा चालायचं नसतं अशी माणसंही जातात. हे सगळं कुणीतरी ओढतं, ढकलतं, पाठीवर घेतं. माथेरानला चालायला गेलेल्यानं या दुसऱ्या चालण्याकडेही जरा बघावं, एवढ्यासाठी हा लेख आहे.

आम्ही दस्तुरीवरून गेलो नाही. कर्जत लोकलनं नेरळच्या पुढच्या भिवपुरी रोड स्टेशनवर उतरलो आणि गार्बेटच्या पठारावरून चढायचं ठरवलं. माथेरानला खालून चढून जायच्या वाटा बऱ्याच आहेत. पनवेलकडच्या धोदाणीतून सनसेट पॉइंटला येणारी एक आहे. चौक-बोरगावकडून वन ट्री हिलच्या घळीतून वर येणारी ‘शिवाजीची शिडी’ आहे. तिच्या नावामागची आख्यायिका लोक सांगतात, पुरावा कुणी दाखवत नाही. नेरळहून रेल्वेच्या रुळांशेजारून येणारीही आहे. गार्बेटची वाट या सगळ्यांत लांबची, पण उघडी आणि रुंद नजरेची. पावसाळा सरता सरता गेलात तर सोनकीनं पठार पिवळं झालेलं असतं आणि तेरड्याची गुलाबी झाक बांधाबांधावर असते. ट्रेकर मंडळी या वाटेला ‘सोपी ते मध्यम’ अशा वर्गात टाकतात. ते बरोबर आहे, फक्त उन्हात चढणाऱ्यानं ‘मध्यम’ वर बोट ठेवावं.

स्टेशनच्या पश्चिमेला डिकसळ ओलांडलं की पाली-भुतिवलीचं धरण लागतं. त्याच्या कडेनं चालत गेलं की समोर माथेरानचा पूर्वेकडचा सगळा कडा एका नजरेत येतो. पाणी, मग झाडीचा पट्टा, मग पठाराची सपाट रेघ आणि तिच्याही वर मुख्य डोंगराची भिंत. इथून पाहताना एक गोष्ट नीट कळते. माथेरान सह्याद्रीच्या मुख्य रांगेत नाही. घाटमाथा पाठीमागे पूर्वेला, भीमाशंकरकडे. माथेरान त्याच्यापासून सुटून कोकणच्या सपाटीत एकटं उभं आहे, प्रबळ, चंदेरी, मलंग या शेजाऱ्यांच्या सोबतीनं. खाली काळा बेसॉल्ट आणि माथ्यावर जांभ्याचं टोपण. म्हणून खालून चढताना पायाखाली काळा कातळ असतो आणि वर पोचल्यावर चपला तांबड्या होतात. नकाशात हा माथा उताण्या पंजासारखा दिसतो आणि ज्याला आपण पॉइंट म्हणतो ते म्हणजे त्या पंजाची बोटं. दोन बोटांच्या मधली जागा म्हणजे घळ. जुन्या वाटा सगळ्या अशा घळींमधूनच वर येतात.

धरण सोडल्यावर चढ सुरू होतो आणि तासाभरात सागाचीवाडी येते. कुडाची-विटांची थोडी घरं, अंगणात वाळत घातलेलं काहीबाही, शेजारी नाचणीचे तुकडे. माथेरानच्या उतारांवर अशा ठाकर-कातकऱ्यांच्या आणि धनगरांच्या वाड्या आहेत. त्यातल्या अनेकींना अजून धड रस्ता नाही. संवेदनशील क्षेत्र म्हणून परवानगीचं घोडं अडतं, आणि आजारी माणसाला झोळीत घालून खाली न्यायची वेळ आली की बातमी होते. बातमी जुनी झाली की पुढच्या झोळीपर्यंत सगळं शांत.

वाडीच्या वरच्या वळणावर दोन बायका आमच्या पुढे निघून गेल्या. पायात साध्या स्लिपर, डोक्यावर गाठोडं, आणि चाल अशी की आम्ही दर शंभर पावलांवर दम खायला थांबायचो आणि त्या गप्पा मारत चाललेल्या. पुढे एका दगडावर त्या पान लावायला बसल्या तेव्हा गाठ पडली.

‘‘कुठं, माथेरानला का?’’ मी विचारलं.

‘‘हां. हाटेलात. आज-उद्या गर्दी असते ना.’’

‘‘रोज असंच चढता?’’

‘‘मग काय उडून जायचं?’’ धाकटी म्हणाली आणि दोघी हसल्या. थोरलीनं आमच्या पाठीवरच्या पिशव्या, हातातल्या काठ्या, डोक्यावरच्या टोप्या नीट न्याहाळल्या. मग खरंच कळवळून विचारलं, ‘‘तुम्हाला गाडी नाही मिळाली का, दादा?’’

हौसेनं चालणं ही गोष्ट तिला कशी समजावून सांगणार? सांगितलं असतं तरी ती आम्हाला वेड्यात काढायला मोकळी होती. त्या दोघी वर पोचून एक खेप भांडी घासून होईपर्यंत आम्ही गार्बेटच्या पठारावर सपाट झालो होतो.

पण ते पठार खरोखर सपाट होण्याच्याच लायकीचं आहे. लांबच लांब गवताळ सोंड, दोन्हीकडे दरी. एका बाजूला उल्हास नदीचं खोरं, कर्जतकडे जाणारा लोहमार्ग, त्यावरून सरकणारी लोकल. समोर मुख्य डोंगराचा कडा आणि त्यातून मान वर काढलेलं गार्बेट पॉइंटचं टोक. शेवटचा टप्पा त्या कड्याला भिडून वर जातो. झाडीत शिरलं की एकदम हवा बदलते. उघड्या पठारावर भाजून निघालेली मान झाडांखाली निवते आणि मग माथेरानचं जे खरं वैभव, ते जंगल, सुरू होतं. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा. बहुतेक सदाहरित, खालून वरपर्यंत गच्च. इथे दुपारी बारालाही वाटेवर ऊन पडत नाही. शेकरू दिसायचं असलं तर सकाळी, आणि बोलणं बंद ठेवलं तर. माकडं मात्र कधीही, कुठेही, आणि तुमच्या हातात काय आहे हे तुमच्याआधी त्यांना कळतं.

आता इतिहास, आणि तो थोडक्यात, कारण सगळीकडे तोच छापलेला असतो. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौक गावाजवळ तळ ठोकून होता. एका संध्याकाळी वर बघता बघता त्याला चढून जावंसं वाटलं. वन ट्री हिलच्या बाजूनं तो चढला आणि रामबागेच्या बाजूनं उतरला. पुढे पुन्हा आला, घर बांधलं, आणि ‘माथेरानचा शोध’ त्याच्या नावावर लागला. त्याच्या सोबत चौकचा पाटील होता, हेही नोंदलेलं आहे. पाटलाला वाट ठाऊक होती याचा अर्थ पाटलाच्या आधी कुणीतरी चालत होतं. उतारांवर ठाकर, कातकरी, धनगर होते, त्यांची जनावरं होती, त्यांच्या पायवाटा होत्या, शार्लट तलावाकाठचा पिसारनाथ हा त्यांचा देव होता. मॅलेटनं शोधलं ते एवढंच, की इथे मुंबईच्या साहेबाला उन्हाळा सुसह्य होईल. हे काही कमी नाही. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी मग जागेला राजाश्रय दिला, बंगले उठले आणि पॉइंटांना साहेबांची, मडमांची नावं पडली. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये माथेरानवर पानंच्या पानं आहेत. पॉइंट, झाडं, पाखरं, वाटा, सगळं. माथेरानचा कर्जत तालुका त्या वेळी ठाण्यात होता. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या किती गावांच्या वाट्याला त्याच्या चौथाई तरी मजकूर आला असेल?

इंग्रजांच्या पाठोपाठ पारशी आले, बोहरी आले, गुजराती शेठ आले. त्यातल्या एका बोहरी घराण्यामुळे माथेरानला रेल्वे मिळाली. सर आदमजी पीरभॉय मुंबईतले बडे उद्योगपती, आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही गाडी डोंगरावर चढवायचं मनावर घेतलं. सरकारनं नव्हे, कुठल्या संस्थानिकानंही नव्हे. एका खासगी कुटुंबानं सुमारे सोळा लाख रुपये घालून ती बांधली आणि १९०७ मध्ये ती धावायला लागली. मार्गाच्या आखणीत एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा हात होता, म्हणजे सोलापूरकडच्या लोकांना ठाऊक असलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा कर्ता तोच. रुळांमधलं अंतर दोन फूट. नेरळ ते माथेरान अंतर सुमारे एकवीस किलोमीटर, जे पक्ष्याच्या उडीनं फारच थोडं आहे. चढ वीसाला एक. एवढ्या चढावर दातेरी रूळ न वापरता गाडी न्यायची तर तिला डोंगराभोवती फिरवत फिरवतच न्यावी लागते. म्हणून ती जुम्मापट्टी, वॉटरपाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत, पॅनोरमा पॉइंटच्या पोटाला वळसा घालत येते. अडीचेक तास लागतात. वाटेत एकच बोगदा आहे. तो इतका तोकडा आहे की त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात, आणि प्रत्येक डब्यातला एक काका हे नाव मोठ्यानं सांगतोच.

ही गाडी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. दार्जिलिंग, निलगिरी, कालका-सिमला या डोंगरी रेल्वे यादीत पोचल्या, माथेरान दाराशी थांबलं आहे. त्याला स्वतःची कारणं असतील, पण डोंगर तिला सुखानं चालू देत नाही हेही खरं. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग जागोजागी वाहून गेला आणि गाडी पूर्ववत व्हायला २००७ उजाडलं. मे २०१६ मध्ये लागोपाठ दोनदा डबे घसरले, गाडी बंद झाली आणि २०१८ च्या आरंभी नेरळपासून पुन्हा निघाली. २०१९ च्या पावसात परत मार्ग उखडला, ती ऑक्टोबर २०२२ पर्यंत अख्खी धावली नाही. या शेवटच्या खंडाच्या काळात अमन लॉज ते माथेरान एवढी शटल तेवढी लोकांना आधार होती. पावसाळ्यात आजही नेरळची गाडी बंद असते आणि शटल चालू. दस्तुरीवर उतरलेल्या कुटुंबाला चालायचं नसेल तर सगळ्यात स्वस्त आणि सभ्य उपाय तो आहे. तिकिटासाठी रांग लावावी लागते, आणि सुट्टीच्या दिवशी ती रांग पाहून माणूस निमूटपणे चालायला लागतो.

रेल्वे मला आवडते, पण माथेरान बघायचं ते पायी. रविवारी उजाडायच्या आत निघून बाजाराच्या दक्षिणेला चालू लागावं. घोड्यांच्या ‘बारा पॉइंट’ वगैरे सहली अजून सुरू झालेल्या नसतात, पंखे लावलेल्या खोल्यांमधून लोक घोरत असतात. अलेक्झांडर पॉइंटवरून आदल्या दिवशी तुडवलेलं गार्बेटचं पठार खाली अंथरलेलं दिसतं. तिथून रामबाग, चौक पॉइंट करत वन ट्री हिलला पोचावं. एका सुट्या सुळक्यावर उभं असलेलं जांभळीचं झाड, एवढंच तिथे आहे, आणि तेवढं पुरतं.

वन ट्री हिलवरून पश्चिमेला प्रबळचा आडवा पसरलेला किल्ला, खाली मोरबे धरणाचं पाणी आणि त्याच्यापुढे इर्शाळगडाचा सुळका दिसतो. मोरबेचं पाणी नवी मुंबईला जातं. इर्शाळगडाच्या पोटाशी इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर डोंगर आला. ठाकरांची वाडी. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्या वाडीलाही गाडीरस्ता नव्हता. यंत्रं वर नेता आली नाहीत आणि माणसांनी कुदळ-फावड्यांनी उकरलं. पॉइंटवरच्या माहितीफलकावर सुळक्याचं नाव आहे, वाडीचं नाही. घोडेवाले मात्र दाखवतात. ‘‘तो पांढरट चट्टा दिसतो ना, तिथं,’’ एवढंच बोलतात आणि घोडा वळवतात.

माथेरानचा आणखी एक माणूस फलकांवर फार दिसत नाही, त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ऊर्फ भाई कोतवाल. १ डिसेंबर १९१२ ला माथेरानमध्येच, नाभिक कुटुंबात जन्म. साहेबांच्या आणि शेठांच्या गिरिस्थानातला एका गरिबाचा मुलगा शिकून वकील झाला, आणि माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्षही झाला. भोवतालच्या वाड्यांमधल्या आदिवासींची सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून त्यानं धान्यकोठारं काढली, मुलांसाठी शाळा काढल्या. बेचाळीसचं आंदोलन पेटलं तेव्हा त्यानं याच डोंगरांमधल्या पोरांना घेऊन ‘आझाद दस्ता’ उभा केला आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. आज गार्बेटच्या पठारावरून खाली विजेच्या तारांची रांग दिसते. भिवपुरीचं टाटांचं वीजकेंद्र याच खोऱ्यात आहे. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील तिथे मारले गेले. कोतवाल तेव्हा तिशीचे होते. त्या दस्त्याला वाटा माहीत होत्या त्या आपल्यासारख्या ट्रेकरांकडून कळलेल्या नव्हत्या. लाकडाच्या मोळ्या आणि दुधाच्या चरव्या घेऊन माथेरानला चढणाऱ्यांच्या त्या वाटा होत्या.

आता त्या दुसऱ्या चालण्याकडे येतो.

माथेरानची हातरिक्षा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन मोठी चाकं, मधे बाकासारखी बैठक, वर छत्री. पुढे दांड्यात एक माणूस, मागून ढकलायला एक किंवा दोघं. बसणारा पाय जोडून बसतो, आजूबाजूची झाडी बघतो, मोबाइलवर चित्रफीत काढतो. ओढणारे अनवाणी किंवा स्लिपरवर. चढाला मागच्यांचा जोर लागतो हे दिसतं. उताराचं मात्र बघणाऱ्याला कळत नाही.

‘‘उताराला सोपं असं पब्लिकला वाटतं,’’ बाजाराजवळ रिक्षा टेकवून बसलेले एक जण म्हणाले. वय साठीकडे झुकलेलं. ‘‘उताराला अख्खी गाडी छातीवर येते. पाय सटकला की संपलं. गुडघे तिथंच जातात.’’ मुलगा काय करतो, विचारलं. ‘‘खाली नेरळला कामाला. त्याला यात घातला नाही.’’ आणि ई-रिक्षेबद्दल? ‘‘द्या म्हणावं. मी चालवायला शिकतो. ज्यानं ओढली त्याला द्या, एवढंच.’’

या शेवटच्या वाक्यातच माथेरानचा सगळा वाद आहे. परवानाधारक हातरिक्षा चौऱ्याण्णव. त्यांच्या संघटनेनं ई-रिक्षेसाठी वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले, मग सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २०२२ मध्ये न्यायालयानं प्रायोगिक परवानगी दिली, त्या वर्षाच्या डिसेंबरात पहिल्या ई-रिक्षा धावल्या. म्हाताऱ्यांची आणि शाळेला दूरवर पायपीट करणाऱ्या पोरांची सोय झाली. घोडेवाल्यांचा विरोध होता, कारण दस्तुरी ते गाव हाच त्यांचा रोजचा धंदा. विरोधाला फक्त पोटाचंच कारण नव्हतं: आज ई-रिक्षा आली, उद्या तिच्या मागोमाग टॅक्सी येईल आणि माथेरानचं महाबळेश्वर होईल, ही भीतीही होती. ती भीती मला चुकीची वाटत नाही. न्यायालयानंही ई-रिक्षांची संख्या वीसवर रोखून धरली. मग त्या वीस कुणाला, हा प्रश्न आला. हॉटेलवाल्याला, ठेकेदाराला, की ज्यानं आयुष्यभर दांडा धरला त्याला?

६ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं याचा निकाल लावला. माणसानं माणसाला ओढून न्यायची प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, सहा महिन्यांत ती बंद करा, असा आदेश राज्य सरकारला दिला. ई-रिक्षा सरकारनं घेऊन प्रत्यक्ष ओढणाऱ्यांना भाड्यानं द्याव्यात, गुजरातेत केवडियाला जशी योजना आहे तशी करावी, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही बजावलं. सायकलरिक्षावाल्यांच्या बाबतीत याच न्यायालयानं १९८० मध्ये दिलेल्या निकालाची आठवणही पीठानं करून दिली. पंचेचाळीस वर्षं झाली त्याला. त्याच आदेशात रस्त्याबद्दलही आहे: दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक चालतील, पण खाली काँक्रीटचा थर नको, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर ब्लॉक नकोतच.

पेव्हर ब्लॉकवरून माथेरानमध्ये घराघरांत दोन पक्ष आहेत. ब्लॉक नसले तर पावसात लाल माती धुपून दरीत जाते आणि उन्हाळ्यात घोड्यांच्या लिदीची धूळ नाकातोंडात जाते. ब्लॉक घातले तर घोडा घसरतो, पाणी मुरत नाही आणि रस्ता वाहनासाठी तयार होतो. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. माझ्यापुरतं विचाराल तर न्यायालयानं आखलेली रेघ शहाणपणाची आहे. मुख्य रस्ता एक, त्यावर मोजक्या ई-रिक्षा. बाकी माथेरान लाल मातीचं आणि पायांचं. ही रेघ एकदा ओलांडली की पुढची ओलांडायला कुणी न्यायालयात जाणार नाही, थेट ठेकाच निघेल.

घोड्यांचं काय? साडेचारशेच्या घरात परवाने असलेले घोडे आणि त्यांच्यावर जगणारी तेवढी कुटुंबं. मार्च २०२५ मध्ये दस्तुरीवर पर्यटकांची फसवणूक होते, खोटी माहिती देऊन चढे दर लावले जातात, या तक्रारींवरून खुद्द माथेरानकरांनीच गाव बंद ठेवलं होतं. शटल चालू असताना ‘गाडी बंद आहे’ असं सांगून घोड्यावर बसवणारे भेटतात, तसे वाट चुकलेल्या ट्रेकरला मैलभर सोबत येऊन एक पैसा न घेणारेही भेटतात. दरपत्रक लावलेलं असतं. ते वाचायला आपण थांबत नाही, हा दोष आपला.

मालाची वाहतूक मात्र कुणाच्याच चर्चेत नाही. न्यायालय माणसं ओढण्याबद्दल बोललं. गॅसच्या टाक्यांनी भरलेली हातगाडी ढकलत नेणाऱ्या चौघांचा प्रश्न तसाच आहे. मालडब्यांची रेल्वे वाढवणं हा त्यावरचा सरळ उपाय आहे. दोन फुटी रूळ थेट बाजारात येतात, शंभर वर्षांपूर्वी ते त्यासाठीही घातले होते. तो उपाय होत नाही तोवर प्रत्येक हॉटेलातल्या ‘अमर्याद बुफे’चा हिशेब एखाद्याच्या कमरेवर लिहिला जातो.

म्हणून जाणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. एकच रात्र राहणार असाल तर सामान एवढंच घ्या की तुमच्या पाठीवर मावेल. चढून जायचं असेल तर पहिली कर्जत लोकल धरा, गार्बेटनं जा. शिवाजीच्या शिडीनं उतरायचं ते दिवाळीनंतर, पायवाट वाळल्यावर, आणि खालच्या गावातला माणूस सोबत घेऊन. त्याला दिवसाची मजुरी द्या, नुसता चहा नको. वाडीत थांबलात तर पाणी मागा, पण पोरांना चॉकलेटं वाटू नका आणि रिकामी पाकिटं तिथे टाकू नका, तिथे कचरागाडी येत नाही. आई-वडिलांना चालवत नसेल तर शटल किंवा ई-रिक्षा आहे. आणि न्यायालयानं दिलेली मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतची. त्यानंतर कधी गेलात आणि बाजारात कुणी अजून दांडा धरून उभा दिसला, तर त्याच्याशी भाव करत बसू नका. नगरपरिषदेच्या कचेरीत जा आणि विचारा, याच्या वाट्याची ई-रिक्षा कुठे आहे?